हळदीला नळी फुटत नाही

ज्याचा हेवा करायचा ते माणूस जरा तरी वाईट असावं. माझी आतेबहीण तशी नव्हती, आणि तेच मला सगळ्यात जास्त डाचायचं. तिला पेरू मिळाला तर अर्धा मला द्यायची, तोही मोठा अर्धा. मी तो खायची आणि खाता खाता मनात तिला शिव्या घालायची. दुष्ट असती, चुगलखोर असती, तर निदान चार बायकांत तोंड उघडायची सोय झाली असती. हिच्याबद्दल काय सांगणार? ती गोरी आहे, तिचे केस लांब आहेत आणि ती मला पेरू देते?

मी राजगडाच्या पायथ्याची, पालीच्या वरच्या अंगाला आमची वाडी. चार गुरं, शेरडं, नाचणी-वरईचा उतार, एवढा आमचा पसारा. गावची शाळा संपली तेव्हा बापानं मला भोरला आत्याकडं नेऊन सोडलं. मार्गासनीपर्यंत चालत आणि पुढं एसटीनं. भोरचं संस्थान जाऊन पाच-सहा वर्षं झाली असतील, पण पेठेतली म्हातारी माणसं अजून राजाच्या वेळचंच बोलायची. बाप आत्याला म्हणाला, "तुज्या लेकीसंगं हिलाबी शिकीव. दोन घास खाईल, चार कामं करील." त्यातली चार कामं मी दुसऱ्या दिवसापासून करायला लागले.

आत्याच्या यजमानांना मी मामा म्हणायची, आमच्यात तसंच म्हणतात. त्यांचं पेठेत किराणा दुकान होतं. माणूस वाईट नाही, पण डोक्याला ताप नको असलेला. आत्याही वाईट नव्हती. फक्त लेकीला हाक मारायची ती "अगं बाय माजे" अशी, लांब सूर काढून. मला मारायची ती "ए पोरी" अशी. माणसाला जेवायला काय वाढतात त्यापेक्षा हाक कशी मारतात त्यावरनं त्याची घरातली जागा कळते. मला ती पहिल्याच आठवड्यात कळली.

शाळेत आम्ही दोघी एका वर्गात, एका बाकावर. मुलींचा तो एकच बाक, पुढं, भिंतीकडेला. शास्त्र शिकवणारे सर पुण्याहून आलेले, तरुण, लाजरे. फुलाचा धडा आला तेव्हा 'फलन' हा शब्द त्यांनी फळ्याकडं तोंड करून उच्चारला, म्हणजे आमच्याकडं बघायला नको. मागची पोरं खुसखुसली. पण त्यांनी चित्र काढलं ते असं की मी आजही डोळे मिटून काढीन. फुलाच्या मधोमध उभी दांडी, तिच्या टोकावर चिकट कुक्षी, कुक्षीवर येऊन पडलेला परागाचा एक कण, आणि खाली दांडीच्या बुडाशी, बंद खोलीत बसल्यासारखं बीजांड. कण पडतो वर आणि बी बसलेलं असतं खाली. मग त्या कणातून एक बारीक नळी फुटते, ती दांडीच्या आतनं उतरत उतरत बीजांडापर्यंत जाते, तिथलं भोक शोधते आणि आत शिरते. तेव्हा कुठं बी धरतं. वाटेतच थांबली तर सगळं फुकट.

मी विचारलं, "सर, तिला डोळे नाहीत. मग वाट कशी घावती?"

सरांनी वळून बघितलं ते माझ्या बहिणीकडं. "वा, फार चांगला प्रश्न," असं तिलाच म्हणाले. एका बाकावरनं आवाज आला म्हणजे तो तिचाच असणार, असं ते धरून चालले. ती लगेच म्हणाली, "सर, मी नाही, हिनं विचारलं." सर "हो का, छान," म्हणाले आणि पुढचं सगळं उत्तर पुन्हा तिच्याकडं बघूनच दिलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. प्रश्न माझा, आणि उत्तर निघालं ते तिच्या पत्त्यावर.

उत्तर असं होतं की पुरतं कुणालाच ठाऊक नाही. पण काही फुलांत बीजांडाजवळून काहीतरी पाझरतं आणि नळी त्या रोखानं वळते, असं लोकांनी पाहिलंय. "म्हणजे आतनं बोलावणं आल्यासारखं," सर म्हणाले. बोलावणं नसेल तर काय होतं, हे मला विचारायचं होतं. पण पुन्हा तिलाच शाबासकी मिळायची, म्हणून गप्प बसले.

त्याच श्रावणात आत्या परसातल्या ओल्या पायरीवरनं घसरली आणि तिची कंबर धरली ती धरलीच. वाकता येईना, चुलीपुढं बसता येईना. मामा दोन-तीन दिवस दुकानातनं येऊन जळक्या भाकरी खात राहिले आणि मग जेवता जेवता म्हणाले, "दिवाळीपासनं एकीनं घरी थांबायचं. एकीनं शिकायचं. दोघींचं जमायचं न्हाई."

कुणी थांबायचं, हे मात्र त्यांना ठरवायचं नव्हतं. लेकीला घरी बसवलं तर आत्या रडणार, मला बसवलं तर मेव्हण्याला तोंड काय दाखवायचं. म्हणून ते गेले सरांकडं. आल्यावर म्हणाले, "मास्तर दोघींनाबी शिकवा म्हंत्यात. त्यांचं काय जातंय म्हनायला. म्या सांगितलं, तुमाला सायन्सला जी हुशार वाटंल ती शिकंल." सरांनी मग नाइलाजानं ठरवलं की गौरीच्या सुट्टीनंतर दोघींनी आपापली काच तयार करायची. परागाचा कण साखरपाण्याच्या थेंबात ठेवायचा, सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा, आणि जे दिसेल ते सांगायचं. फूल तेरड्याचं आणायचं, कारण तेरड्याचा पराग ताजा असला की बघता बघता नळी फुटते.

तेरडा म्हणजे आमच्याकडं गौर. भाद्रपदात डोंगरउतार तेरड्यानं गुलाबी झालेला असतो. पोरीबाळी जाऊन मुळासकट रोपं उपटून आणतात, त्यांनाच गौर म्हणून घरात आणायचं, हळदकुंकू वाहायचं, भाजीभाकरीचा, मग पुरणाचा नैवेद्य दाखवायचा आणि तिसऱ्या दिवशी नदीवर पोचवायचं. त्या वर्षी आत्या पडून, तेव्हा सगळं माझ्या अंगावर आलं. बहीणही करत होती, नाही असं नाही. पण पेठेतल्या बायका हळदकुंकवाला आल्या की तिला म्हणायच्या, "किती गं राबतीस, आईचं किती करतीस," आणि मी मागं पुरणयंत्राशी झटत असायची.

शाळा उघडायची ती गौरी गेल्या की दुसऱ्याच दिवशी. आदल्या संध्याकाळी मी आत्याला सांगितलं की आम्ही दोघी सकाळी उत्रोलीकडच्या उतारावर जाऊन ताजी फुलं आणतो. आत्या अंथरुणातनं म्हणाली, "दोगी गेल्यावर च्या कोन करील? मामांना दुकानात जायचंय. एकीनं जावा."

बहीण म्हणाली, "मी जाते. दोघींची आणते."

मी म्हटलं, "माझी नको."

"अगं, उतारावर ढीग आहे. दोन ओंजळी आणायला काय लागतंय?"

"सांगितलं ना नको म्हणून."

आता तुम्ही म्हणाल, अशी कशी गं आडमुठी. पण पेरूचा मोठा अर्धा, रिबिनींतली बरी रिबीन, आता फुलंही तिच्याच हातची. तिच्या फुलांवर मी पहिली आले असते तरी ते तिचंच देणं झालं असतं. मला एकदा तरी माझं स्वतःचं काहीतरी हवं होतं. म्हणून गौरी नदीवर निघाल्या तेव्हा मी त्यातलं एक रोप मागं काढून ठेवलं. फुलं जरा मलूल होती, पण फुलंच होती. आणि दोन दिवस त्यांच्यापुढं राबलं कोण होतं? गौरीवर माझा तेवढा हक्क होता.

सकाळी ती उताराला गेली. मी चहा ठेवला आणि रोप कागदावर झटकायला घेतलं. पराग पिवळा असतो हे काय मला कुणी शिकवायला हवं होतं? भोपळ्याच्या फुलात बोट घातलं की पिवळं होतं, आमच्या वाडीतलं शेंबडं पोरही सांगेल. तेरड्याच्या फुलात आत काहीतरी पांढुरकं होतं, पिठासारखं. ते मी बुरशी समजून फुंकून टाकलं. पिवळी धूळ मात्र पाकळ्यांवर, पानांच्या बेचक्यांत, भरपूर होती. काडीच्या टोकानं टिपून टिपून मी तिची पुडी बांधली. माझ्याकडं इतका पराग निघालाय, तिच्याकडं काय निघेल, असं वाटून जिवाला जरा थंडावा आला. ती परत आली तेव्हा पळसाच्या पानाचे दोन द्रोण होते तिच्या हातात. "हा तुझा," म्हणाली. मी बघितलंही नाही.

सूक्ष्मदर्शक शाळेत एकच. खिडकीशी, उजेडाला, उंच टेबलावर, आणि त्याच्यापुढं एक स्टूल. एरवी त्या स्टुलाला हात लावायची कुणाला परवानगी नव्हती. सरांनी आधी तिला बसवलं. तिनं फूल उघडून आतलं पांढुरकं थेंबावर टेकवलं, मी बुरशी म्हणून फुंकून टाकलं होतं तेच. थोड्या वेळानं ती वाकून बघत होती ती नुसती बघतच राहिली. मग हळूच म्हणाली, "सर, आल्या."

मग सगळ्यांना रांगेनं दाखवलं. मलाही. लांबट लांबट दाणे, काचेसारखे आरपार, आणि एकेका दाण्यातनं निघालेली नळी, दोऱ्याहून कितीतरी बारीक. ती वाढताना दिसत होती हो. आतला रस पुढं सरकताना दिसत होता. एक इकडं, एक तिकडं, कशाचा कशाला मेळ नाही, पण निघाल्या होत्या सगळ्या. मला भिंगावरनं डोळा काढवेना. इतकं सुंदर मी काही पाहिलं नव्हतं, आणि ते तिच्या काचेवर होतं.

माझी काच लावली. सरांनी बघितलं, चाक फिरवलं, पुन्हा बघितलं. सगळे थांबलो. काही फुटेना. सर म्हणाले, "कसला पराग आणलास तू?"

"तेरड्याचा."

त्यांनी पुडी मागितली, नाकाशी नेली आणि माझ्याकडं असं बघितलं की त्यांनाच लाज वाटली असावी. "अगं, ही हळद आहे," ते म्हणाले.

वर्गात हशा पिकला. मागनं एक पोरगा बोलला, "पी हळद अन् हो गोरी." मी सावळी, शेजारी ती गोरी, म्हण कशी अगदी मापात बसली. सगळी शाळा पुढं किती दिवस मला हळद म्हणत होती.

बहीण हसली नाही. ती उठून म्हणाली, "सर, हिचा द्रोण आहे माझ्याकडं. हिला परत करू द्या." सर लगेच म्हणाले, "हो हो, दे तिला. घे गं, कर परत." त्यांना हायसंच वाटलं असणार. द्रोण माझ्यापुढं आला. फुलं अजून ओली होती. हात पुढं केला असता तर माझी शाळा राहिली असती कदाचित.

मी म्हटलं, "नको."

या 'नको'बद्दल मला पुष्कळांनी पुष्कळ सुनावलंय. दैव देतं आणि कर्म नेतं, असं आई मरेपर्यंत म्हणायची. म्हणू दे. पन्नास पोरं हसत असताना, तिच्या हातचं घेऊन तिच्यापुढं परीक्षा द्यायची? आज विचारलंत तरी तोंडातनं तेच येईल.

सरांनी मग तिच्या काचेवर एक शेवटची गंमत केली. फुलाच्या बुडाशी असलेलं अंडाशय पात्यानं चिरून त्यातला कणभर तुकडा थेंबात ठेवला. थोड्या वेळानं जवळच्या काही नळ्या त्याच्याकडं वळल्या. सगळ्या नाही, काहीच. लांबच्या होत्या तशाच भरकटत राहिल्या. मी लांबच्यांकडं बघत होते.

घरी आल्यावर मामांनी विचारलं, "काय म्हनले मास्तर?" बहिणीच्या डोळ्यांत पाणी. रडायला हवं होतं मी, आणि रडली ती, तेही तिनंच घेतलं. मी म्हटलं, "तिला घेतलं." मामा "बरं" म्हणाले आणि हात धुवायला गेले. आत्यानं आतनं हाक मारली, "ए पोरी, डाळ लागतीया बघ."

पुढची वर्षं डाळीची, भाकरीची आणि आत्याच्या कमरेला शेक द्यायची. बहीण संध्याकाळी माझ्या चुलीपाशी बसून दिवसभराचं शिकलेलं वाचून दाखवायची. मला राग यायचा आणि मी ऐकायची. भाकरी थापता थापता सगळं ऐकायची, आणि ती कुठं चुकली की मला कळायचं, पण सांगायची नाही. ती मॅट्रिक झाली, पुण्याला कॉलेजात गेली, वनस्पतिशास्त्र घेतलं. माझं लग्न उत्रोलीला झालं. उत्रोली म्हणजे भोरपासनं हाकेच्या अंतरावर, त्यामुळं आत्याची सोय झाली, माझी सुटका झाली नाही. भातलावणी झाली की चाल भोरला, कापणी झाली की चाल. शेवटी आत्यानं अंथरूण धरलं तेव्हा सासूनंच सांगितलं, "जा बाई, तुजाच जीव तितं हाय." जीव कुठं होता ते मलाच ठाऊक.

त्या वर्षी गौरीला बहीण पुण्याहून आली. तोवर ती कॉलेजातच शिकवायला लागली होती. पांढरी साडी, हातात घड्याळ. मी पाट्यावर हळद वाटत होते. ती माझ्याशेजारी बसली, आणि काय बोलावं न सुचून माणसं हवापाण्याचं बोलतात तसं तिच्या नळ्यांचं बोलायला लागली. आता म्हणे त्यांच्याकडं कितीतरी फुलांच्या काचा आहेत. मी विचारलं, कितीतरी वर्षांनी विचारलं, "ज्यांना काही बोलावणंच येत नाही त्या नळ्यांचं काय होतं गं?"

ती म्हणाली, "वाढतात थोडं. दाण्यात जेवढी शिदोरी असते तेवढं. मग थांबतात."

"बरं," मी म्हटलं.

आतनं आत्याची हाक आली. नीट ऐकू आली नाही. बहीण पटकन उठून आत गेली, "काय गं आई?" म्हणाली. आणि आत्याचा आवाज आला, चिडका, थकलेला. "तू न्हवं. तिला बोलीव. माजी बाय कुठाय? तिला बोलीव."

बहीण बाहेर येऊन उंबऱ्याशी उभी राहिली. तिचं गोरं तोंड उतरलं होतं. "मी चार दिवस झाले आलेय," ती म्हणाली, "एकदाही हाक मारली नाही मला तिनं. झोपेतसुद्धा तुलाच मारते." मग खाली बघत म्हणाली, "मला तुझा हेवा वाटतो गं."

खरं सांगते, पहिल्यांदा बरं वाटलं. आत कुठंतरी, इतक्या वर्षांनी, गारेगार वाटलं. आणि लगेच इतका राग आला की वरवंटा हातातनं सुटला. माझा हेवा. कुशीवर वळवायला, लुगडं बदलायला, हगलंमुतलं काढायला जी हाक येते, तिचा हेवा. मी म्हटलं, "घे ना मग. घे ही हाक. तू राहा हितं, मी जाते पुण्याला. मला ते स्टूल दे."

तिच्याकडं असतं तर तिनं दिलंही असतं, अर्धं, आणि तेही मोठं अर्धं. पण हे द्यायचं तिच्या हातात राहिलं नव्हतं, आणि ते आम्हा दोघींनाही कळत होतं.

आतनं पुन्हा हाक आली. "अगं बाय माजे." तोच लांब सूर. मी हात धुतले. हळद काही जाईना, तशीच पदराला पुसली आणि आत गेले. ती दारातच उभी राहिली.